माइकवरचा लाल दिवा

माइक विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी घरूनच तक्रारींचे फोन घेते. रविवारी दुपारी एका आजोबांचा फोन आला. त्यांना नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून पाठवायच्या होत्या, पण माइक आवाजच पकडेना.

मी त्यांना यूएसबीची वायर काढून दुसऱ्या खाचेत खोचायला सांगितली. टेबलाखाली वाकता वाकता त्यांनी गुडघ्यांचं पुराण लावलं. मग मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला. तो सुरू होईपर्यंत त्यांनी मला हट्टी उंटाची अख्खी गोष्ट ऐकवली, उंटाच्या आवाजासकट. "मग पुढे?" मी दोनदा विचारलं.

पाऊण तासाने म्हटलं, "आजोबा, माइकवरच्या बटणाचा दिवा लाल आहे का?"

"आहे की."

"म्हणजे माइक बंद आहे. ते बटण दाबा बघू."

"अगं, झाला सुरू! एवढंसंच होतं होय? उगाच तुझा वेळ खाल्ला, पोरी."

"छे हो, आजोबा."

फोन ठेवला आणि खोली पुन्हा गप्प झाली. विचारायच्या प्रश्नांचा कंपनीने दिलेला कागद समोरच भिंतीवर चिकटवलाय. लाल दिव्याचा प्रश्न त्यात पहिलाच आहे.

रविवारी मी तो शेवटी विचारते.