झाकणावरचा क्रूस

“शांतपणे गेला मुकादम,” फादर म्हणाले. “सगळ्या पापांची क्षमा मिळवून गेला.”

शवपेट्या बनवणाऱ्या पेटीवालीनं दातांत धरलेला स्क्रू काढून हातात घेतला.

“क्षमा कुणाची?”

“देवाची.”

“जळाली माझी धाकटी बहीण, फादर. मला कुणी विचारलं नाही. आईलाही नाही.”

फादर माणूस भला होता, पण भल्या माणसांकडे एकच औषध असतं आणि तेच ते सगळ्यांना पाजत सुटतात. “कबुलीत तो काय बोलला ते मला सांगता येत नाही,” ते म्हणाले. “पण बोलला. आता काही काळ शुद्धिस्थानात काढील, मग त्याच्यासाठीही स्वर्गाचं दार उघडेल. पश्चात्तापाला उशीर असा कधी होत नाही, पोरी.”

दाराचं नाव त्यांनी काढायला नको होतं. कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली ह्या मुकादमाच्या खिशात होती. कामाच्या मध्येच पोरी बाहेर सटकतात, म्हणून लावलेलं कुलूप. चौकशीत त्यानं वर तोंड करून सांगितलं, की पोरींनीच लावलं असेल. करून सवरून नामानिराळा राहिला आणि दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत राहिला. आता शेवटच्या घटकेला कपाळाला पवित्र तेल लावून घेतलं, की झाला स्वर्गात दाखल. आयत्या बिळावर नागोबा!

घरच्यांनी एकेक करून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बायको हुंदके द्यायला लागली तशी फादर तिला धरून बाहेर घेऊन गेले. खोलीत पेटीवाली उरली आणि पेटीतला तो. केस नीट विंचरलेले, हातात जपमाळ. साळसूदच दिसत होता मेला.

पेटी खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती करायची, ही तिच्या बापापासूनची पद्धत. ही मात्र तिनं दोन्हीकडून सारखी केली होती. “हल्ली अशीच चालते,” मुकादमाच्या बायकोला तिनं सांगितलं होतं, आणि बायकोनंही मान हलवली होती. सरळ पेटीचं डोकं कुठलं आणि पाय कुठले, हे झाकणावरच्या क्रूसावरूनच काय ते कळतं. तिनं झाकण उचललं, फिरवलं आणि क्रूस त्याच्या बुटांवर आणून ठेवला. मग एकेक स्क्रू पिळून घट्ट केला.

सगळ्यांना पूर्वेकडे पाय करून पुरतात. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येईल, कबरी उघडतील आणि उठून उभं राहताच प्रत्येकाला समोर त्याचं मुख दिसेल. सगळ्यांना दिसेल, ह्याला दिसणार नाही. क्रूसाच्या खुणेनं उलटा पुरलेला हा उठेल तो प्रभूकडे पाठ करून. देवानं क्षमा केली असेल तर करो बापडा. पण ज्याच्यासाठी एवढी क्षमा मिळवली, ते मुख ह्याला उठल्याबरोबर दिसू द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

उचलणाऱ्यांपैकी एकजण कुरकुरला, “पायाकडून इतका जड कसा हा?”

“पापं खाली बसली असतील,” दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं दोघांना गप्प केलं. पेटीवाली मान खाली घालून मागून चालत राहिली. तिला हसू येत होतं.

ते हसू कबरस्तानात जागच्या जागी विरलं. खड्डा कुठं खणलाय हे तिनं विचारलंच नव्हतं. तो धाकटीच्या कबरीसमोर होता, अगदी तिच्या पायाशी. आई तिथंच उभी होती. क्रूस पश्चिमेला धरून माणसांनी पेटी रीतीप्रमाणे खाली सोडली, आणि आपण काय करून बसलो ते पेटीवालीला तेव्हा कळलं.

तिनं आईचा दंड धरला. “आई, मी झाकण उलटं लावलंय. डोकं तिकडं आहे त्याचं, आणि पाय आपल्याकडे.”

आईनं खड्ड्यात पाहिलं. “म्हणजे उठेल तेव्हा तोंड इकडं?”

“इकडं. धाकटीकडे.” ती खड्ड्याकडे बघत म्हणाली. “आणि ती उठून पूर्वेला बघेल, तर समोर हाच. देवाच्या आधी ह्याचंच तोंड बघावं लागेल तिला. माझ्या कसं लक्षात आलं नाही गं? थांबवते मी त्यांना. सांगून टाकते फादरना.”

ती पुढं झाली. आईनं तिचं मनगट असं घट्ट धरलं, की तिला कळ आली.

लोक एकेक मूठ माती टाकत होते, क्रूसावर. आईनंही वाकून मूठ भरली. मग ती सगळ्यांना वळसा घालून खड्ड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून पेटीवर माती टाकली. फादरना वाटलं, म्हातारीला दुःखानं काही सुचत नाहीये. ते हळहळले.

आई परत येऊन लेकीशेजारी उभी राहिली. पदराला हात पुसले.

“काही सांगायचं नाही कुणाला,” ती हळूच म्हणाली. “धाकटीला मी चांगली ओळखते. ती देवाला म्हणेल, तू जरा थांब.”