मास्तरांच्या आवडीचे पाच ट्रॅक

गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, “बाबा, या नाझारेनो नावाच्या नव्या पोराचा ट्रान्स म्युझिकचा मिक्स ऐक. तुझ्यापेक्षा भारी वाजवतो.” आज नदीकाठच्या पार्टीत तोच माझ्याआधी डीजे होता, आयुष्यात पहिल्यांदाच लोकांसमोर. सकाळी त्याने विचारलं, “मास्तर, काय वाजवू? तुमच्या आवडीचं सुचवा ना.” मी माझे लाडके पाच ट्रॅक कागदावर लिहून दिले. पाचही अस्सल, पाचही गर्दीला वेड लावणारे. एवढंच सांगितलं नाही, की ब्युनोस आयर्समध्ये पहिल्या डीजेने संथ वाजवायचं. गर्दी जेमतेम तापवून पुढच्याच्या हवाली करायची. जो सुरुवातीलाच धुमाकूळ घालतो, त्याला पुन्हा बोलावत नाहीत. भर दुपारी लोक बेभान नाचले. आयोजक ग्रासिएलाने पेन काढून पुढच्या पार्टीच्या यादीतलं त्याचं नाव खोडलं. नाझारेनो घामाघूम होऊन उतरला. “मास्तर, उपकार झाले. या कागदावर सही द्या, जपून ठेवीन.” मी ग्रासिएलाचंच पेन मागितलं.