केतकी

"अगं बाई, केतकी रंग घेऊन आलीये पोर!" बाळंतविडा घेऊन आलेल्या मावशीने दुपट्याचं टोक बाजूला केलं. "गोऱ्यात जरासा पिवळा मिसळलेला. तुझं केशर-दूध कारणी लागलं हो!"

मला नऊ महिने केशर-दूध पाजणारी आई खुलली; कालपासून तीही 'केतकी'च म्हणत होती. मी मात्र पाच दिवसांच्या लेकीला उचलून खिडकीशी नेलं. काल फक्त चेहरा केतकी होता, आज पोटही. सकाळपासून ती दूध ओढत नव्हती. मी तिच्या नाकावर बोट दाबून उचललं. खालून पिवळाच उमटला.

"आई, रिक्षा बोलाव. ही कावीळ आहे."

"इतक्या सुंदर रंगाला कावीळ म्हणतेस?" मावशी दुखावली.

दवाखान्यात निळ्या दिव्याखाली, डोळ्यांना पट्टी बांधून लेक निजली होती. काचेला टेकून मी विचार करत होते, रंगाचं नाव इतकं गोड नसतं, तर आम्ही कालच नीट पाहिलं असतं.

घरी आणल्यावर मावशीने पुन्हा दुपटं सारलं. "सावळी निघाली की गं!" ती हळहळली.

मी परत नाकावर बोट दाबून पाहिलं. पिवळा कुठेच नव्हता.

"हो ना!" मी म्हटलं. "आई, वाढ गं, मला भूक लागलीये."