एकाला एकच स्टिकर

"मत दिल्याशिवाय स्टिकर मिळत नाही," लोरेटा म्हणाली. सकाळपासून हे वाक्य किती वेळा म्हटलं, ते तिने मोजायचं सोडून दिलं होतं.

दुपारचे दोन वाजत आले होते. पहाटे साडेपाचपासून ती अग्निशमन केंद्राच्या गॅरेजात बसली होती. मतदानासाठी दोन्ही बंब बाहेर उभे केले होते. तिचं काम एवढंच, की समोरच्याची मतपत्रिका यंत्रात गेली की रिळावरचा एक गोल स्टिकर काढून त्याच्या हातावर ठेवायचा. 'मी मत दिलं.' ओहायोतल्या या गावात माणसं तो दिवसभर कोटावर मिरवतात. कुणाला नातवासाठी आणखी एक हवा असतो. एका बाईने तर कुत्र्यासाठी मागितला होता. लोरेटाचे घोटे सुजले होते, कॉफी कधीच गार झाली होती, आणि नोव्हेंबरच्या मेल्या वाऱ्याला नेमकी तिचीच मान सापडली होती.

समोरचा माणूस हलेना. चाळिशीचा, अंगात कारखान्याचा निळा कोट, हातात जेवणाचा डबा. लोरेटा त्याला ओळखत होती. हा कर्टिस, दर निवडणुकीला आईला चाकाच्या खुर्चीतून आणणारा. आई मत द्यायची, स्टिकर घ्यायची आणि दाराशी पोचली की तो लेकाच्या कोटावर चिकटवायची. लोरेटाने हे कितीदा तरी पाहिलं होतं. एवढ्या मोठ्या घोड्याचे म्हातारी अजून लाड करते, म्हणून तिला हसूही आलं होतं.

आई यंदा अंथरुणाला खिळलीय, तिने टपालाने मत पाठवलं, तिच्या वाटचा स्टिकर तेवढा द्या, असं तो सांगत होता. त्याची शिफ्ट तीनला सुरू होणार होती.

तिचा कशाला, स्वतःचा घे की, असं लोरेटाने त्याला सुनावलं. मत द्यायची टेबलं चार पावलांवर आहेत, रांगही नाही. मिरवायला हवं आणि मत द्यायचं तेवढं जिवावर येतं काय?

कर्टिसने मागे वळून पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं. तो टेबलावर वाकला.

"मला देता येत नाही, मॅडम. मी तीन वर्षं तुरुंगात होतो."

सुटून अकरा वर्षं झाली होती. कारखान्यात वरच्या साहेबाला ठाऊक होतं, बरोबरच्या एकालाही नाही. आज तिथे फाटकावर सगळे एकमेकांच्या छातीकडे बघणार. स्टिकर नसला की का रे, मत नाही दिलंस? का नाही दिलंस? अशी सुरुवात होते. म्हणून आई स्वतःचा त्याला द्यायची.

लोरेटाचा हात रिळावरच थांबला. निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण तिने यंदाही अर्धवट झोपेत उरकलं होतं, पण त्यातलं एक पान तिला चांगलं आठवत होतं.

"तुला देता येत नाही, हे सांगितलं कुणी?"

ते काही त्याला धड सांगता येईना. तुरुंगातलंच कुणीतरी म्हणालं होतं. सगळेच म्हणायचे.

"अरे बाबा, आपल्या राज्यात माणूस तुरुंगातून सुटला की त्याच दिवसापासून मत देऊ शकतो. नाव तेवढं पुन्हा नोंदवायचं. अकरा वर्षांत तू एकालाही विचारलं नाहीस?"

"विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं," कर्टिस म्हणाला.

तो बराच वेळ त्या चार पावलांवरच्या टेबलांकडे बघत राहिला. मग आत्ता देता येईल का, असं त्याने हळूच विचारलं. लोरेटाला फार वाईट वाटलं. नावनोंदणी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद झाली होती. तिने त्याला नोंदणीचा अर्ज काढून दिला. त्याने तो घडी करून डब्याच्या झाकणाखाली सरकवला.

मग लोरेटाने जे दिवसभरात कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. रिळावरचा एक स्टिकर काढला, कण्हत उठली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कोटावर चिकटवला.

"असू दे. आजचा दिवस निभावून ने."

कर्टिसने तो नखाने सावकाश सोडवला, कोपरा दुमडणार नाही अशा बेताने, आणि रिळावर होता तिथे परत बसवला.

"राहू दे, मॅडम. मे महिन्यातल्या निवडणुकीला येतो, माझा न्यायला."

डबा उचलून तो बाहेर पडला. फाटकावर आज कुणीतरी विचारणारच होतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला तोंडाने उत्तर द्यावं लागणार होतं.