आधी रोटी मोडायची

"पुन्हा म्हण," बुरुल म्हणाली.

चिनारानं घसा साफ केला. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर तिची तेरा वर्षांची पोर बसली आहे, असं धरून चालायचं होतं. "आयझिरेक, मी तुझी ताई नाही. मी..." आणि तिला रडू फुटलं.

"रडायचं नाही. पोरीच्या आधी तर नाहीच. तू रडलीस की तुझे डोळे पुसायचं काम तिच्यावर पडतं."

"मग माफी तरी मागू ना?"

"नंतर. दिवसाउजेडी सांग, जेवायला बसल्यावर. आधी रोटी मोडून तिच्यापुढे ठेव, चहा ओत, आणि एका दमात वाक्य संपव. पुढचं तिच्यावर सोड."

काराकोल शहरातल्या त्या खोलीत बुरुल सकाळी पोरांच्या मनांचे गुंते सोडवी, आणि दुपारी त्याच टेबलावर पोरांसाठी गोष्टी लिही. तळ्याकाठच्या शाळांमधून तिची पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचली जात. मिसरूड फुटलेली पोरं ती दप्तरात लपवून नेत.

चिनाराची गत तिला नवी नव्हती. तिकडे पहिलं मूल आजीआजोबांच्या पदरात घालायची रीतच होती, त्यात लपवण्यासारखं काही नसे. पण चिनारा नवऱ्याला सोडून आली तेव्हा पोटुशी होती. बाळंत झाली आणि कामाला मॉस्कोला गेली. आईनं पोर आपलीच म्हणून वाढवली, गल्लीलाही तेच सांगितलं. आता चिनारा परतली होती आणि गल्ली कुजबुजू लागली होती. आयझिरेकनं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, तर ती कायमची हातची जाणार होती.

"आई म्हणते, मी जिवंत आहे तोवर तोंड उघडायचं नाही. नंतर तुला कोण अडवतंय?"

"सवय अडवते," बुरुल म्हणाली.

चिनारा उसळली. "तुम्हाला काय जातंय, बाई! तुमच्या पोटी पोर नाही. पुस्तकातली पोरं काय, लिहाल तशी वागतात!"

बुरुलनं चहाचा वाडगा तिच्याकडे सरकवला. "पुन्हा म्हण."

संध्याकाळी बुरुलला न्यायला एर्मेक आला. त्याची जुनी गाडी दारात खोकत उभी राहिली.

"काय ताई, आज किती शहाणे केलेस? माझा नंबर कधी?"

"तुझ्यावर औषध नाही."

"नवं पुस्तक लिहितेयस म्हणे. शेवटी कोणीतरी उशिरा घरी येणार, हो ना?" तो हसला. तिचं एकही पुस्तक त्यानं शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. पण आपल्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला ती सगळी दाखवायचा.

एर्मेक तिच्याहून फारच लहान. तो जन्मला त्या हिवाळ्यात बुरुल शाळा सोडून आईच्या मदतीला डोंगरातल्या मेंढवाड्यावर राहिली होती. वसंतात घाट मोकळा झाला आणि ती शिकायला राजधानीला निघाली. बसमध्ये अंगात ताप होता, छाती ठणकत होती. आईनं शाल करकचून बांधून दिली होती. पाळणा मागे राहिला. सोबत आली ती फक्त अंगाई: 'नीज माझ्या शिंगरा, बर्फ घाटी दाटे.' त्या अंगाईतून तिचं पहिलं पुस्तक निघालं. गोष्टी कशा सुचू लागल्या, असं कुणी विचारलं की ती म्हणे, "धाकट्या भावाला झोप येत नसे."

"ताई, ती शिंगराची अंगाई," एर्मेक वळण घेता घेता म्हणाला. "काल धाकटीला गायला गेलो आणि अडलो. दुसरी ओळ काय गं?"

बुरुल खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्याकडेच्या झाडांवर ऊन मालवत होतं.

"रविवारी सांगते. दुपारी जेवायला ये. एकटाच ये."

"एकटाच? बायकोच्या चुगल्या ऐकायच्यात वाटतं!"

शनिवारी चिनारा आली. दारातच थांबली.

"सांगितलं, बाई."

"मग?"

"उठून अंगणात गेली. मी दाराआड उभी. वाटलं, गेली पोर." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बऱ्याच वेळानं आत आली. माझ्याकडे बघितलं नाही. पण रोटीचा तुकडा उचलला आणि खाल्ला."

बुरुलनं डोळे मिटून घेतले. क्षणभरच.

"रोटीचं तुम्हाला कसं सुचलं हो?"

"त्या खुर्चीला पुष्कळदा सांगून बघितलंय," बुरुल म्हणाली.

रविवारी घरभर ऊन होतं. एर्मेक बुटांवरचा बर्फ झटकत आत आला आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोपुढे जरा थांबला. ती जाऊन वर्ष झाल्याचं जेवण नुकतंच झालं होतं. सगळा गाव जेवून गेला होता.

"आता घरात मोठी तूच, ताई," तो म्हणाला. "रागवायला तरी कुणी राहिलंय."

"बस."

तो बसला. तिनं रोटी मोडली आणि मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. वाडग्यात अर्धाच चहा ओतला, मानाच्या माणसाला ओततात तसा.

"एवढा मान? काय काम आहे ते तरी सांग. गाडी हवी? छप्पर गळतंय?" त्यानं वाडगा उचलला. "बरं, आधी ती दुसरी ओळ सांग."

"बर्फ सरता घोडी येई त्याच वाटे."

"हां! घोडी येई..." तो गुणगुणला, आणि तिच्याकडे बघून थांबला.

तिचे डोळे कोरडे होते.

"एर्मेक," ती म्हणाली, "मी तुझी ताई नाही."