बाबांची पाणबुडी

टपातल्या पाण्यात बुडबुड्यांची बारीक रांग वर आली आणि चारुताने पाणबुडी बाहेर काढली.

"परत पाणी शिरलं," ती म्हणाली.

"कुठून?" बाल्कनीच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेल्या सुनीताबाईंनी विचारलं.

"मागून. पंखा बसतो तिथून."

"मग नुसती घट्ट पिळू नकोस. रबराचं कडं काढ, पूस, व्हॅसलीन लाव आणि परत बसव."

"बाबा व्हॅसलीन लावायचे, आई?"

"त्याला व्हॅसलीनच लागतं," सुनीताबाई म्हणाल्या आणि जुडी उलटी केली.

चारुताच्या बाबांची, गुरुदत्तांची, सगळी नोकरी न्हावा शेव्याच्या बंदरात, जहाजांच्या कागदपत्रांत गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर करंजाड्याच्या घरी त्यांच्या नावाने रिमोटवर चालणाऱ्या पाणबुडीचं पार्सल आलं, तेव्हा बंगळुरात असलेल्या चारुताला नवल वाटलं नव्हतं. फोनवर मागे पॉलिश पेपरची खरखर ऐकू यायची. "पाणबुडी चाललीय आमची," गुरुदत्त सांगायचे. आपट्याच्या नदीत दोनदा पाणी शिरलं, आता सगळी उघडलीय, हेही त्यांनीच सांगितलं होतं. ती उघडी असतानाच एका सकाळी ते झोपेतून उठले नाहीत.

दहाव्याला आपट्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चांगले तीन-चार बसले होते. विनायककाकांनी हात जोडले. "दादा, वहिनींना आम्ही अंतर देणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत. "चारुताचं लग्न मी लावून देईन." एकाने तर पाठच फिरवली.

चारुताचा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. तरी तिला आपलाच आवाज ऐकू आला. "बाबा, ती पाणबुडी याच नदीत उतरेल. मी उतरवीन."

कावळा सरळ खाली आला आणि भात टोचू लागला.

"बघ, जीव कशात अडकला होता त्याचा," विनायककाका डोळे पुसत म्हणाले. सुनीताबाईंनी पदर तोंडाला लावला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते.

चारुताने घरून काम करायची परवानगी मागून घेतली आणि ती करंजाड्यातच राहिली. पहिल्या आठवड्यांत तिला पुस्तकाचं एक पान वाचता येत नव्हतं. ओळी दिसायच्या, आत काही पोचायचं नाही. ताटातलं अन्न तसंच राहायचं. मग तिने टेबलावरचा तो उघडा सांगाडा पुढ्यात ओढला. कडा घासायच्या, गम लावायचा, सुकेपर्यंत धरून ठेवायचं. हातांना काम मिळालं तशी भूक लागायला लागली. बाबांनी आपल्यासाठी नेमकं पुरेल एवढंच काम मागे ठेवलं, असं तिला वाटे आणि रोज सकाळी टेबलाशी बसताना ती मनातल्या मनात त्यांचे आभार मानी.

"ही बुडाली तर मी त्यांना काय सांगू?" एकदा ती म्हणाली.

"त्यांना ती पाण्यात बघायची होती, एवढं खरं," सुनीताबाई म्हणाल्या. "गम जास्त झालाय तिथे. पूस."

पाणी शिरायचं थांबलं, पण आता पाणबुडी नाक वर करून तरंगू लागली.

"पुढे वजन घाल," सुनीताबाई म्हणाल्या. "गंगाबाईला विचार. जाळ्याची शिसं असतात तिच्याकडे."

उरणहून मासे घेऊन येणाऱ्या गंगाबाईने दुसऱ्या दिवशी पाटीखालून पुरचुंडी काढली. "पानबुडीला ना? न्या. मागं तुमच्या आईनी पन नेली व्हती."

"बाबांसाठी."

"आता कोनासाठी ते मला काय ठाव? पैसं नाय घ्यायची मी त्याचं. कोलंबी घ्या जरा, ताजी हाय."

रविवारी दोघी निघाल्या. सुनीताबाईंनी गुरुदत्तांचा लाल थर्मास भरून घेतला.

"तो कशाला? वाटेत चहा मिळतो की."

"त्याच्याशिवाय आपट्याला गेले नाही कधी."

नदी संथ होती. चारुताने पाणबुडी पाण्यात ठेवली, रिमोट घेतला, मनात बाबांचं नाव घेतलं. पाणबुडी थोडी पुढे गेली, खाली बसली आणि मग नाक खुपसून एकदम दिसेनाशी झाली. पाण्यावरची रेघ पलीकडच्या खडकांकडे सरकत होती.

"आई, गेली ती."

सुनीताबाईंनी थर्मास एका सपाट दगडावर ठेवला, हात पदराला पुसले आणि रिमोट तिच्याकडून काढून घेतला. डावा अंगठा अलगद मागे आला. उजवा किंचित हलला आणि थांबला. त्या वाट बघत राहिल्या. मग नदीच्या मधोमध पाणबुडीचा मनोरा वर आला, अगदी सरळ. त्यांनी ती वळवली, मुद्दाम पुन्हा बुडवली, पाण्यात वाकलेल्या फांदीखालून नेली आणि चारुताच्या पायाशी आणून वर काढली.

चारुता आईच्या अंगठ्यांकडे बघत होती.

"पार्सल त्यांच्या नावाने मागवलं होतं," सुनीताबाई म्हणाल्या. "या वयात बाईला खेळणं कशाला, म्हणाले असते सगळे."

"दहाव्याला का नाही सांगितलंस?"

"तू बोललीस आणि कावळा आला. मध्ये मी काय बोलणार?"

"आणि नंतर?"

"नंतर तू जेवायला लागली होतीस."

चारुता पाण्याच्या कडेला खाली बसली. "मग बाबा काय करायचे इथे?"

सुनीताबाईंनी हनुवटीने त्या सपाट दगडाकडे दाखवलं. "तिथे बसायचे आणि म्हणायचे, सुनीता, आज तरी वर येऊ दे तुझी पाणबुडी, चहा गार होतोय."