सातास सात

“त्याले मान वळवायले सांगा, भाऊ,” पडद्याकडे बघत बुधरी म्हणाली.

तहसीलचे कारकून वामनराव यांनी माइकचं बटण दाबलं आणि आपल्या कचेरीतल्या हिंदीत विनंती केली. ती दिल्लीला गेली. दिल्लीहून सीमेपलीकडच्या तुरुंगात गेली. तिथल्या शिपायानं कैद्याची हनुवटी धरून मान वळवली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. एरवी या पडद्यावरून जिल्ह्याचे साहेब उद्दिष्टं पूर्ण न करणाऱ्या तालुक्यांना झाडायचे. आज त्यावर चक्क दोन देश होते, आणि तेही एकमेकांशी बोलत होते.

देश शेजारी, म्हणजे वैर ओघानं आलंच. बांधावरून कितीदा डोकी फुटली याचा हिशेब दोघांकडेही होता आणि तो कधी जुळला नव्हता. यंदा मात्र दोघांचे सुरक्षा अधिकारी तिसऱ्याच्या घरी जाऊन बसले. घुसखोरी कशी रोखायची, धोक्याची खबर एकमेकांना कशी द्यायची, अशी मोठमोठी कलमं. दालनात आधी कुणी शिरायचं यातच पहिला दिवस गेला. शेवटी एका कलमावर तेवढं जमलं. दोन्हीकडच्या तुरुंगांत स्वतःचं नावगाव सांगू न शकणारी माणसं पडून होती, ती सोडायची. पण मोजून. त्यांचे सात, आपले सात. एखादा माणूस जास्त गेला तर देशाची नाचक्की.

आपल्या सहांची ओळख पटली होती. हा सातवा. याच्या तोंडून एकच शब्द निघायचा, ‘बोअरवेल’. तेवढ्यावरून दिल्लीतल्या कुणीतरी त्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘बहुधा जंगू, तालुका भामरागड’.

जंगू हा बुधरीचा एकुलता एक. नऊ वर्षांपूर्वी बोअरवेलच्या गाडीवर कामाला गेला तो थेट सीमेकडच्या मुलखात. एका मुक्कामावर सकाळी गाडीवाल्यांनी माणसं मोजली तर एक कमी. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी बुधरी टोपली उतरवायच्या आधी कचेरीच्या पायरीशी यायची आणि विचारायची, “भाऊ, माहा पोरगा आला का?” पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता तुटला की वामनरावांना त्या प्रश्नातून तेवढीच सुटी. अशाच एका पुरात जंगूची फाईल फोटोसकट भिजून लगदा झाली. नव्या फाईलमध्ये त्याचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच काय ते उरलं.

बुधरी त्या माणसाशी आपल्या माडिया बोलीत बोलली. आधी हळू, मग मोठ्यानं. तो नुसता बघत राहिला.

“इसरला असन बाई,” वामनराव म्हणाले. “नऊ वर्स झाले. डोस्कं बी ठिकानावर नाई त्याचं.”

तिकडे शिपाई वाकून कैद्याच्या कानाशी काहीतरी बोलला. ‘तुझी आई’ असंच काही असावं. कारण त्या माणसानं घाईघाईनं तळहातावर थुंकी घेतली आणि उरलेसुरले केस चापूनचोपून बसवले. मग सदऱ्याचं वरचं बटण लावायला गेला. बटण नव्हतंच. तो बोटांनी काज चाचपत राहिला, आणि तेवढ्यात तुरुंगाकडचं नेटवर्क गेलं. चित्र तसंच थिजलं.

बुधरी त्या थिजलेल्या बोटांकडे बघत होती.

“मी नाई म्हनलं त?”

“त आपले सहाच होतेत. मंग आपन बी त्याईचे सहाच सोडू. हा तिथंच राह्यते, अन् त्याईचा एक इथी.”

“अन् हो म्हनलं त?”

“त जंगू सापडला म्हून लिवतो. फाईल बंद, शोधाशोध बंद.” वामनराव हसले. “सापडलेल्या मानसाले कोन शोधते, बाई?”

दिल्लीनं दोनदा खाकरून आठवण करून दिली.

“अंगावर काई निशानी?” वामनरावांनी विचारलं. रकाना होता, भरायला हवा.

“लिवा, काई नाई,” बुधरी म्हणाली. “माहाच हाय.”

आणि तिनं अंगठा उठवला.

कचेरीनं पेढे आणवले. बुधरीनं पेढा खाल्ला नाही, पदराला बांधला. मग ती पायरीवर बसून रडली. वामनरावांनी उभ्या नोकरीत आनंदाची रडणी बरीच पाहिली होती. हे रडणं जरा लांबलं, असं त्यांना वाटलं. पण सातावर सात बसले होते, आणि दिल्लीनं शाबासकी दिली होती.

बारा दिवसांनी सीमेवर गोळ्या सुटल्या. आधी कुणी झाडली यावर दोन्ही देशांचं नेहमीसारखं दुमत झालं आणि बोलणी स्थगित झाली. चौदाच्या चौदा माणसं होती तिथेच राहिली. जंगूच्या फाईलवरचा ‘सापडला’ हा शेरा मात्र स्थगित झाला नाही. तसा रकानाच नव्हता.

बाजाराच्या दिवशी वामनराव मागच्या दारानं कचेरीत शिरायला गेले. बुधरी तिथेच उभी होती. टोपली डोक्यावर.

“बाई, बोलनी फिसकटली,” ते खाली बघत म्हणाले. “जंगूचं आता...”

“आयकलं मी. दोघांतला एक तरी आला का, भाऊ?”

“दोघं? दोघं कोन?”

बुधरीनं आपल्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली.

“एक, ज्याचा हा कान लहानपनी अस्वलानं तोडला, तो. अन् एक तुमी दाखवला, तो.”